छत्रीला नातू

अण्णांचा उजवा हात आणि सगळी नामं गेली
एकाच दुपारी.
क्रियापदं राहिली. उठतो, जेवतो, नको, दे.
माझगावच्या गोदीत सदतीस वर्षं फिटर,
पान्याचा नंबर बोटांनी ओळखणारा माणूस.
आता दर मंगळवारी नायरमध्ये
परवीनबाई चित्रांची कार्डं धरतात समोर
आणि अण्णा छत्रीला नातू म्हणतात.

मी मागच्या बाकावर.
मांडीवर वही, वहीत तारीख:
छत्री – नातू.
घड्याळ – लोणचं.
कुलूप – "ती, ती आपली शेजारीण."
घरी येताना टॅक्सीत मी हळूच हसले,
केवढी ओळ आहे ही, म्हणून.
अण्णा काचेतून डॉकयार्ड रोड बघत होते,
परक्या गावात उतरल्यासारखे.

दिवाळी अंकाला पाच कविता दिल्या.
संपादकांचा फोन आला,
या वर्षी तुमचं काही वेगळंच उतरलंय,
अगदी आतून आलेलं.
हो. आतूनच.
आतल्या खोलीतून, पडदा सरकवून.

रात्री साडेअकराला त्यांची शेवटची गोळी.
मग मी ओट्याला टेकून लिहायची,
दोन वाजेपर्यंत, कधी तीन.
केस आठवडा आठवडा न धुतलेले,
भाजी सरळ पातेल्यातून,
ठणकणारी दाढ लवंगेवर ढकललेली.
रडू यायचं, तर आधी विशेषण शोधायची.
'कोरडं' लिहिलं, खोडलं. 'तुरट' लिहिलं.
तोवर रडू निघून जायचं,
बेल वाजवून, वाट बघून पाहुणा जातो तसं.

परवीनबाईंनी एकदा जिन्यात थांबवलं.
काय लिहिता एवढं?
नोंदी, म्हटलं. प्रगतीच्या.
बऱ्या असतात नोंदी, त्या म्हणाल्या,
आणि माझ्या डोळ्यांखाली बघत,
तुमची कार्डं कोण धरतं?
मला उत्तर सुचलं. फार छान सुचलं,
म्हणूनच दिलं नाही.

त्यानंतरची एक रात्र.
भंडारवाडा टेकडीवरचे दिवे खिडकीत,
आणि अण्णा उठून बसलेले.
माझ्याकडे बोट करून म्हणाले,
"ही विहीर कुडकुडतेय. हिला मीठ घाला."
माझा हात उशाशी गेला, पेनाकडे, सवयीने.
टोपण निघाल्याचा टक् आवाज.
त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं,
पाना धरावा तसं घट्ट.
"नको," म्हणाले.
आणि मग एक नाम.
सात महिन्यांत पहिलं, बरोबर जागेवर बसलेलं.
ते इथे नाही.

वही मी फेकली बिकली नाही,
असलं नाटक मला जमत नाही.
कपाटात आहे, रेशनकार्डाच्या खाली.
पाचातल्या दोन कविता परत मागवल्या, संपादक जरा नाराज.
उरलेल्या तीन चांगल्या आहेत,
आणि त्याचंच अजून वाईट वाटतं.
हे लिहितानाही हात थोडा चोरटाच आहे.

म्हणून हे अण्णांना वाचून दाखवलं, ते नाम गाळून.
बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले,
"वाटी बरी आहे."
हे घेऊ का, विचारलं.
त्यांनी मान हलवली. हो म्हणूनच हलवली असावी.

शनिवारी दाढ काढून घेतली.
केसांना तेल लावलं, सगळं डोकं भिजेस्तोवर.
पहाटे पाणी येतं तेव्हा
पिंप भरेपर्यंत नळाशी नुसती बसते.
पिंप भरत जातं तसा आवाज बदलतो.
कशासारखा, ते शोधत नाही.
कधी कधी शोधतेही.
मग उठून नळ बंद करते.